आधी गरज, मग टेंडर : खानापूर-बेळगावच्या नव्या पंचायत सदस्यांसाठी

आमच्या शाळेची कौलं दर पावसाळ्यात गळायची. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस कसा लागतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. जून लागला की पोरं बाक ओढून कोरड्या कोपऱ्यात बसायची आणि बाई मधोमध बादली ठेवून शिकवायच्या. मी तेव्हा शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे पालकांच्या शाळा समितीत, होतो. ठराव आम्हीच लिहिला : 'शाळेच्या पाच खोल्यांवरील कौले काढून रंगीत जीआय पत्रे बसवणे.' मंजुरी आली, टेंडर झालं, मे महिन्यात पत्रे चढले. गुत्तेदारानं काम चोख केलं. पत्र्याची जाडी लिहिली होती तेवढीच, प्रत्येक स्क्रूला रबरी वॉशर. आत एक थेंब नाही.

जुलैत शाळेत गेलो तर बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि पोरं मुकाट्यानं उतरवून घेत होती. पत्र्यावर पावसाचा असा ताशा कडाडत होता की दारातून मी काय विचारलं ते बाईंना कळेना. त्यांनी फळ्यावरच लिहिलं, 'जेवणाच्या सुट्टीत या.' दुसरीच्या वर्गाचे पाढे त्या वर्षी तोंडी झाले ते दिवाळीनंतर.

बिल पास झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. लिहिलं तसं काम झालं होतं. आम्हाला हवा होता पावसातही नीट भरणारा वर्ग, आणि कागदावर आम्ही मागितले पत्रे. खरं तर मला तरी हे कळायला हवं होतं. पंचायतीत यायच्या आधी ११ वर्षं मी बेळगावात एका गुत्तेदाराच्या ऑफिसात टेंडरं भरायचं काम केलंय. टेंडर लिहिणारा काय मनात धरतो आणि भरणारा काय वाचतो, यातलं अंतर मी रोज बघत होतो. भरणारा मनातलं वाचत नाही, बीओक्यू, म्हणजे कामांची आणि मापांची यादी, वाचतो.

म्हणून नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांसाठी, एसडीएमसीतल्या पालकांसाठी, आणि पहिल्यांदाच एखाद्या टेंडरच्या फाईलवर सही करायची वेळ आलेल्यांसाठी हे लिहितोय. टेंडर तुम्ही स्वतः लिहिणार नाही. ते पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), ज्युनिअर इंजिनिअर आणि तालुक्याचं ऑफिस लिहिणार. पण ते ज्या ठरावावरून लिहितात तो ठराव तुमचा असतो, आणि चूक बहुतेक वेळा तिथंच शिरते.

पायरी १ : ज्याचं अडतं त्याच्या तोंडून ऐका, आणि मराठीतच लिहून घ्या

ग्रामसभेत लोक गरज सांगत नाहीत, उपाय सांगतात. 'बोअर मारा', 'गटार करा', 'दिवा बसवा'. त्यात त्यांचं चुकत नाही, सरकारकडून वस्तूच मिळते अशी सवय लागलेली आहे. तुमचं काम एवढंच की दोन-तीन प्रश्न जास्त विचारायचे. आमच्या खालच्या आळीतलं एक बोलणं जसं आठवतं तसं देतो.

'मावशी, पाण्याचं काय ओ?'

'पाणीच येत न्हाई बघ.'

'अजिबात नाही?'

'येतंय की. पण वरच्या आळीचं भरून झाल्याबिगर आमच्याकडं थेंब नाही. आणि करंट गेला की संपलंच.'

'मग काय करता?'

'विहिरीचं आणतो. पावसाळ्यात ते बी गढूळ.'

चार वाक्यांत तीन वेगळ्या गरजा निघाल्या : दाब सगळीकडे सारखा पोचत नाही, वीज नसताना टाकीत साठा उरत नाही, आणि विहिरीचं पाणी पावसाळ्यात पिण्याजोगं राहत नाही. ठरावात मात्र 'नवीन कूपनलिका खोदणे' आलं असतं. बोअर मारली असती तरी मावशींची घागर वरच्या आळीनंतरच भरली असती.

मी आता पाच गोष्टी विचारतो. कुणाचं अडतं? कधी अडतं? किती अडतं? सध्या कसं निभावता? आणि काय झालं म्हणजे तुम्ही 'झालं' म्हणाल? पाचव्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवा, काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायच्या दिवशी तेच कामाला येतं.

हे सगळं अर्ध्या पानावर मराठीत उतरवा. आपल्या भागात हे जरा जास्तच महत्त्वाचं आहे. माणूस बोलतो मराठीत, ठराव आणि क्रिया योजना (पंचायतीचा कामांचा आराखडा) होते कन्नडमध्ये, टेंडरचा तांत्रिक भाग येतो इंग्रजीत, तोही बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याच्या फाईलवरून उचललेला. या तीन उड्यांत गरज कुठं गळून पडते ते कळतही नाही. शेजारच्या एका पंचायतीत ग्रामसभेनं 'मोरी' मागितली. ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहू नये म्हणून रस्त्याखालून वाट काढायची होती. कन्नडमध्येही मोरी शब्द आहेच, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं गटार आलं आणि क्रिया योजनेत 'चरंडी' पडली. रस्त्याच्या कडेनं छान सिमेंटचं गटार झालं. ओढा अजून रस्त्यावरूनच जातो.

उपाय साधा आहे. ठराव कन्नडमध्ये लिहिला जात असताना पीडीओंच्या शेजारी बसा आणि मराठी पान समोर ठेवा. नाव लिहून थांबू नका, काम काय व्हायचं ते वाक्यात लिहा. 'मोरी' असं नुसतं लिहिण्यापेक्षा 'जून ते ऑक्टोबर ओढ्याला पाणी असतानाही अँब्युलन्स रस्त्यावरून जावी' हे कुठल्याही भाषेत नेलं तरी वाकडं होत नाही. भीमगडच्या जंगलातल्या गावांतून आजारी माणसाला बांबूच्या डोलीत घालून आणावं लागतं, तिथल्या लोकांना तर हे वाक्य पाठच आहे. ते फक्त फाईलमध्ये येत नाही.

पायरी २ : वस्तूंच्या नावांवर लाल पेन्सिल चालवा

मसुदा हातात आला की त्यातल्या प्रत्येक वस्तूखाली रेघ मारा आणि विचारा, 'याच्या जागी दुसरं काही चालेल का?' चालत असेल तर ते नाव तिथं कशाला? नसेल चालत तर का नाही, ते कारण लिहा. बहुतेक वेळा ते कारण हीच खरी गरज निघते.

पंचायतीच्या ग्रंथालयासाठी, म्हणजे आताच्या अरिवु केंद्रासाठी, कॉम्प्युटर घ्यायचे होते. मसुद्यात एका कंपनीचा प्रोसेसर, त्याची पिढी, स्क्रीनचं माप, सगळं होतं. कन्नड आणि मराठी युनिकोडमध्ये टाईप करता यावं, वीज गेल्यावर निदान अर्धा तास काम चालावं, बिघडलं तर तालुक्याच्या गावाहून माणूस तीन दिवसांत यावा, यातलं एकही नव्हतं. पोरांना लागणार होतं ते हेच.

उचललेला मसुदा ओळखायची माझी जुनी खूण सांगतो. मापं विचित्र असतात. टेबलाची लांबी १,१७३ मिलिमीटर अशी दिसली की समजायचं, ती कुणाच्या तरी कॅटलॉगमधून आली आहे. गुत्तेदाराच्या ऑफिसात आम्ही असं टेंडर बघितलं की भरायचोच नाही, कारण ते कुणासाठी आहे ते लगेच कळायचं. लबाडी असतेच असं नाही. कधी इंजिनिअरला वेळ नसतो आणि विक्रेता तयार मजकूर पेनड्राईव्हवर आणून देतो, एवढंच. पण परिणाम एकच, चारजण भरायचे तिथं एकच भरतो.

ही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही, हेही सांगून ठेवतो, कारण ऑफिसात लगेच 'नियमात आहे का?' विचारतात. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमावलीत, २०१७ च्या आवृत्तीतल्या नियम १४४ मध्ये म्हटलंय की वस्तूचे निकष संस्थेच्या नेमक्या गरजा बघून ठरवावेत आणि नसत्या, बिनकामाच्या गोष्टी घालून खर्च वाढवू नये. ही नियमावली केंद्राच्या खात्यांसाठी आहे. आपल्याकडे लागू आहे तो कर्नाटकाचा १९९९ चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा, ज्याला सगळे केटीपीपी म्हणतात, आणि त्याचे २००० सालचे नियम. पण तत्त्व म्हणून नियम १४४ दाखवायला काही हरकत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारातही हेच आहे : आकार-रचना सांगण्याऐवजी वस्तूनं काय काम करावं ते सांगा, आणि ब्रँडचं नाव टाळताच येत नसेल तर पुढं 'किंवा समतुल्य' लिहा. भारत त्या करारात नुसता निरीक्षक आहे, बांधील नाही. तरी 'किंवा समतुल्य' एवढे दोन शब्द घालायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र समतुल्य म्हणजे कशात समतुल्य, तेही लिहा, नाहीतर मूल्यांकनाच्या दिवशी भांडण ठरलेलं.

पायरी ३ : गरज मोजता येईल अशी करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा लागतो, आणि सगळे इथंच घाई करतात. 'चांगल्या प्रतीचं', 'मजबूत', 'पुरेसं' हे शब्द टेंडरात बिनकामाचे. तुमचं 'पुरेसं' आणि गुत्तेदाराचं 'पुरेसं' यात लाखभराचा फरक असतो. गरज मोजता आली नाही तर लोक पुन्हा वस्तूकडे वळतात, कारण वस्तू टेपनं मोजता येते.

पाण्याचंच घ्या. कर्नाटकात गावोगाव शुद्ध पिण्याच्या पाण्याची युनिटं बसली. नाणं टाकलं की २० लिटरचा कॅन भरतो. त्यातली बंद पडलेली किती आहेत ते तुमच्या आसपास बघाल तर दिसेलच. या युनिटांचा एक ठराविक साचा आहे : ताशी अमुक लिटरचा आरओ. तो साचा जिल्ह्याच्या एका टोकाला बसतो, दुसऱ्या टोकाला बसत नाही. अथणीकडं काळ्या रानात बऱ्याच बोअरचं पाणी खारट, जड. तिथं आरओला अर्थ आहे. इकडं कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं पाणी मुळात गोड आणि हलकं. आमचा त्रास पावसाळ्यातल्या गाळाचा आणि उघड्या विहिरीत उतरणाऱ्या जंतूंचा. त्यावर गाळणी आणि नीट क्लोरिन हा उपाय. आरओ बसवला तर चांगलं पाणी निम्मंशिम्मं वाया घालवून, वर विजेचं बिल भरायचं. राष्ट्रीय हरित लवादानं तर २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं की ज्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या खाली आहे तिथं आरओला मनाई करा.

मग टेंडरात काय लिहायचं? 'ताशी १,००० लिटर क्षमतेचे आरओ युनिट पुरवणे व बसवणे' याऐवजी असं काहीतरी :

'गावातील सुमारे इतक्या लोकांना बारा महिने पिण्याचे पाणी मिळावे. नळावर येणारे पाणी भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे असावे : गढूळपणा १ एनटीयूच्या आत, १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई-कोलाय आढळू नये, शिल्लक क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. सध्याच्या स्रोताचा तपासणी अहवाल, एक मे महिन्याचा व एक जुलैचा, सोबत जोडला आहे. शुद्धीकरणाची पद्धत कंत्राटदाराने सुचवावी.'

त्या मानकातले बाकीचे आकडेही हाताशी ठेवा. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतो. फ्लोराईड १, आणि तसाच नाइलाज असेल तर १.५ मिलिग्रॅम. नायट्रेट ४५. किती पाणी, याचा आकडा जलजीवन मिशननं दिलेलाच आहे, माणशी रोज ५५ लिटर. हे आकडे टेंडरात आले की अथणीचा गुत्तेदार आरओ सुचवेल, खानापूरचा सँड फिल्टर सुचवेल, आणि दोघंही बरोबर असतील.

जुलैचा अहवाल मी मुद्दाम लिहिलाय. मे महिन्यात घेतलेला नमुना आमच्याकडं नेहमीच पास होतो.

रस्त्यावरच्या दिव्यांचं त्याहून सोपं. वॅट लिहू नका, रस्त्यावर उजेड किती पडावा ते लिहा. आयएस १९४४ या भारतीय मानकात रस्त्यांचे वर्ग आहेत, आणि उजेड लक्समध्ये मोजतात. बऱ्यापैकी वर्दळीच्या आतल्या रस्त्याला सरासरी ८ लक्स, कमी वर्दळीच्या रस्त्याला ४ लक्स. लक्समीटर फार महाग नसतो, इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांकडून एक दिवस मागून आणता येतो. जंगलालगतच्या गावात आणखी एक ओळ घाला : उजेड खाली पडावा, वर आणि झाडीत जाऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ : बंद पडलेला दिवा कळवल्यापासून ४८ तासांत लागला पाहिजे. कारण गावाची तक्रार कधीच 'दिवा कमी वॅटचा आहे' अशी नसते, 'महिना झाला, बंद आहे' अशी असते.

पण काही गरजांना मानक सापडत नाही. आमच्या शाळेच्या छपराचं तसंच होतं. त्याला आम्ही घरगुती चाचणी काढली, ती शेवटी सांगतो.

पायरी ४ : जागेची खरी माहिती द्या

गरज मोकळी ठेवायची असेल तर परिस्थिती पक्की सांगावी लागते. उपाय त्याला शोधायचाय, तर त्याला सगळं कळू द्या : हेस्कॉमची थ्री-फेज वीज दिवसातून किती तास आणि कोणत्या वेळी येते, ट्रक कुठपर्यंत जातो, पावसाळ्यात रस्ता बंद असतो का, जमीन वनखात्याची आहे का, खोदल्यावर जांभा लागतो की माती. आमच्या बाजूला जून ते सप्टेंबर बाहेरचं काम होत नाही, हे बेंगळूरूच्या गुत्तेदाराला माहीत नसतं.

ऑफिसात असताना आमचा ठोकताळा होता. टेंडरात जे सांगितलेलं नाही त्याचा धोका धरून दर वाढवायचा. म्हणजे तुम्ही लपवलेल्या किंवा विसरलेल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे पंचायतच मोजते.

पायरी ५ : बाजारात विचारा, पण उघडपणे

तुमची गरज कोण भागवू शकतं, किती पर्याय आहेत, हे टेंडर काढायच्या आधी कळायला हवं. त्यात गैर काही नाही. गैर असतं ते एकालाच विचारणं, तेही बेळगावच्या कॅम्पातल्या हॉटेलात. दोन-चार पुरवठादारांना एकच पत्र पाठवा, गरजेचं अर्धं पान जोडा, लेखी उत्तरं मागवा आणि फाईलला लावा. काम मोठं असेल तर टेंडर निघाल्यावर प्री-बिड बैठक, म्हणजे भरणाऱ्यांच्या शंकांसाठीची बैठक, ठेवा. तिथं विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर सगळ्यांना मिळालं पाहिजे, म्हणजे केपीपीपी या राज्याच्या खरेदी पोर्टलवर चढलं पाहिजे. 'हे कळलं नाही' असं म्हणणारा गुत्तेदार सोन्यासारखा. तो तुमच्या मसुद्यातली फट दाखवतोय. फट मोठी असेल तर शुद्धिपत्रक काढा आणि मुदत वाढवा.

मुदतीवरून आठवलं. केटीपीपीच्या २००० सालच्या मूळ नियमांत २ कोटींपर्यंतच्या टेंडरला किमान ३० दिवस आणि त्यावरच्याला ६० दिवस ठेवले होते. नियमांत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा चालू मुदत पीडीओंकडून बघून घ्या. मुद्दा असा की गरजेवर लिहिलेल्या टेंडरला भरणाऱ्यालाही डोकं चालवायला वेळ लागतो. ३१ मार्च जवळ आला की निधी परत जाईल म्हणून सगळे जुनी फाईल शोधतात आणि गावाचं नाव बदलून पाठवतात. मी दोनदा दुसऱ्याच तालुक्याच्या ओढ्याचं नाव टेंडरात राहिलेलं बघितलंय. गरजेचं पान ऑगस्टमध्ये लिहा, पाऊस समोर पडत असताना.

पायरी ६ : निवड कशी करणार ते आधीच ठरवा

इथं पीडीओ हमखास अडवतात, आणि त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं. 'तिघांनी तीन वेगळे उपाय दिले तर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, कुणाला म्हणू? ऑडिटला काय सांगू?' ऑडिटचा माणूस कागद बघतो. कागदावर निकष आधीपासून असेल तर प्रश्न येत नाही, मागाहून शोधलेला निकष असला की येतो.

सोपी वाट म्हणजे दोन पाकिटांची पद्धत. पहिल्या पाकिटात तांत्रिक प्रस्ताव. आपले मोजलेले निकष पूर्ण होतात की नाही एवढंच तिथं बघायचं : हो किंवा नाही. जे पास होतील त्यांचीच किंमत उघडायची आणि त्यातला सगळ्यात कमी घ्यायचा. पहिल्यांदा करताना गुण-बिण देण्याच्या फंदात पडू नका. गुण आले की ओळखी येतात.

किंमत मात्र पूर्ण आयुष्याची मागा. समजा ६० दिवे लावायचेत. एकजण ३,००० रुपयांचा दिवा देतो, वॉरंटी एक वर्ष. दुसरा ३,९०० चा देतो आणि पाच वर्षं देखभाल त्यातच. पहिल्याचे १ लाख ८० हजार, दुसऱ्याचे २ लाख ३४ हजार. पण पहिल्यात वॉरंटी संपल्यावर वर्षाला २० दिवे बिघडले आणि प्रत्येकी ९०० रुपये लागले, तर चार वर्षांत ७२ हजार जातात आणि तो २ लाख ५२ हजारांवर पोचतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण 'पाच वर्षांचा एकूण खर्च धरून तुलना केली जाईल' ही ओळ टेंडरात नसेल तर पहिला दिवाच घ्यावा लागेल, तुम्हाला कितीही कळत असलं तरी.

दुसरी अडचण एस्टिमेटची. तांत्रिक मंजुरीला एस.आर. दरावर, म्हणजे सरकारी दरपत्रकावर, केलेलं एस्टिमेट लागतं, आणि एस.आर.मध्ये सगळ्या वस्तूच असतात. 'वर्गात ऐकू यावं' असा काही आयटम त्यात नाही. आम्ही यातून असा मार्ग काढला : एक नेहमीचा पर्याय धरून ज्युनिअर इंजिनिअरनी एस्टिमेट केलं, त्यातून रकमेची मर्यादा ठरली. टेंडर मात्र एकरकमी काढलं, आणि तांत्रिक अटींत आमचे निकष घालून लिहिलं की रचना कंत्राटदारानं सुचवावी, इंजिनिअरनं मान्य करावी. राज्याच्या सरकारी कामांसाठी केडब्ल्यू नावाचे जे ठराविक टेंडर नमुने आहेत त्यातल्या तांत्रिक भागात हे बसतं. इंजिनिअर आधी नाखूश होते. त्यांना सही करायची असते, तुम्हाला नाही, हे लक्षात ठेवून बोला.

पायरी ७ : पैसे कामाला बांधा

वस्तू आली, मोजली, एम.बी.त (मापाच्या वहीत) चढली, बिल निघालं. वस्तूच्या टेंडरचं आयुष्य एवढंच. गरजेच्या टेंडरचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. काही रक्कम चाचणी पास झाल्यावर द्या, काही देखभालीच्या वर्षांत थोडी थोडी. बंद पडलेल्या पाण्याच्या युनिटांचं मूळ मला इथंच दिसतं : मशिन बसवायचे पैसे दिले, पाणी द्यायचे दिलेच नाहीत.

मोठ्या प्रमाणावर हे आपल्याच शहरात झालेलं आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या प्रकल्पात २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या निवडक भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. चालवणाऱ्या कंपनीशी करार होता तो नुसतं पाईप टाकण्याचा नव्हता, चोवीस तास दाबानं पाणी देण्याचा होता, आणि त्यांच्या मोबदल्याचा काही भाग ते साधण्याशी बांधलेला होता. पुढं शहरभर ते पसरवताना काय काय रखडलं त्यावर बेळगावात तासभर बोलणारे भेटतील. पण त्या निवडक भागांतल्या लोकांना विचारा, टाकी भरून ठेवायची सवय कधी सुटली.

हे कुठं करू नये

सगळीकडे हा सोपस्कार नको. खडू, कागद, ब्लीचिंग पावडर, बल्ब : सरळ वस्तू लिहा. विजेचं वायरिंग, टाकीचं आरसीसी, पुलाचं बांधकाम यांत जिवाचा प्रश्न असतो, तिथं मानक आणि इंजिनिअरचं डिझाईन, त्यात आपलं शहाणपण चालवायचं नाही. आधीच्या पंपाचा सुटा भाग हवा असेल तर त्याच कंपनीचा मागावा लागतो, तसं कारण देऊन मागा. आणि पंचायतीत काम तपासणारं कुणीच नसेल तर मोकळं टेंडर काढू नका. निकष लिहिले आणि मोजले नाहीत तर ते पत्र्यापेक्षा वाईट, कारण मग छपरावर काय बसलंय तेसुद्धा ठरलेलं नसतं.

आता शाळेचं. चौथ्या वर्षी आम्ही पुन्हा टेंडर काढलं. गरज अशी लिहिली : 'पाणी आत येऊ नये. जोराच्या पावसात शिक्षकाचे नेहमीच्या आवाजातले बोलणे शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू यावे. उन्हाळ्यात दुपारी वर्गात बसता यावे.' मग चाचणी : जुलैत, इंजिनिअरच्या समोर, बाईंनी फळ्याजवळून २० शब्द वाचायचे, शेवटच्या बाकावरच्या पोरांनी लिहायचे, १७ बरोबर आले तर पास. शेवटची १० टक्के रक्कम त्यावर. इंजिनिअर आधी हसले. मग म्हणाले, लिहा, माझ्या मुलीची शाळापण पत्र्याचीच आहे.

तिघांनी भरलं. एकानं आहे त्या पत्र्याखाली जाड लोकरीसारखा थर आणि फळ्यांचं छत सुचवलं, एकानं पत्रे काढून दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल, आणि तिसरा, म्हातारा गुत्तेदार होता, म्हणाला, पत्रे राहू देत, त्यांच्यावर जुनी कौलं परत चढवतो, गावात पडून आहेत ना? ही तिसरी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. लाकूडकाम तपासून, वजन पेलेल असं इंजिनिअरनी बघितलं, तिघंही पास झाले, आणि सगळ्यात कमी त्या म्हाताऱ्याचंच निघालं.

चाचणीच्या दिवशी पाऊस येईना. तीन दिवस इंजिनिअर फोन करून विचारायचे, आलाय का? चौथ्या दिवशी साडेअकराला असा आला की पटांगण दिसेना. बाईंनी २० शब्द वाचले. शेवटच्या बाकावरच्या पोरीचे १८ बरोबर आले. चुकलेले दोन होते 'शुश्रूषा' आणि 'दृष्टिकोन'. ते पावसाच्या खात्यावर घालू नका, असं बाईंनी अहवालावर लिहायला लावलं.